दाढीवाली रोपं

मूळ धुतल्याशिवाय काही कळत नाही. वरून पीचचं झाड नुसतं मलूल दिसतं, आणि मलूल दिसायला शंभर कारणं असतात. म्हणून थोरलीनं एक झाड उपटलं आणि धाकटीच्या अंगणातल्या नळाखाली धरलं. पाणी आधी काळं आलं, मग तांबूस, मग नुसतंच पाणी. खोड जिथे संपतं आणि मूळ जिथे सुरू होतं, नेमकी तिथे एक गाठ होती. मुठीएवढी, खडबडीत, बोटानं दाबली की थोडी आत जाणारी. गाठीतून केस फुटले होते. केसच म्हणायचे, बारीक, पांढुरके, एकमेकांत गुंतलेले.

तिनं दुसरं झाड धुतलं. मग आणखी एक.

"काय आहे गं?" धाकटी पायरीवर बसून विचारत होती.

थोरलीनं नळ बंद केला. तिला जो शब्द सुचला तो घरातलाच होता,

*

दाढी.

बाबांचा शब्द. बाबांची रोपवाटिका होती, फळझाडांची. हिवाळ्यात पानं गळली की रोपं वाफ्यातून उपटायची आणि उघड्या मुळांनीच विकायची, हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. उपटताना एखाद्याच्या बुडाशी गाठ आणि केसांचा झुपका दिसला की ते रोप वर धरून सगळ्यांना दाखवायचे. "हे बघा, याला दाढी आली. वयात आलं पोरगं." कामावरच्या बाया हसायच्या. एखादी म्हणायची, "मग बघा की त्याच्यासाठी स्थळ." दाढीवालं रोप विकायचं नाही, ते बाजूला ठेवायचं, ओल्या पोत्याखाली, आपल्या माणसांसाठी. ज्याला एवढी मुळं त्याला मरण कसलं, असा बाबांचा ठाम समज. कधी कोणा मित्राला एखादं द्यायचे, कधी शेजाऱ्याला. ते वाळलं तर बाबा म्हणायचे की पाणी घालायला विसरला असेल. मित्रालाही वाटायचं, विसरलोच असू.

एकदम पुष्कळ रोपं हवी असणारं घरात कोणी नव्हतंच. मग धाकटीनं आणि तिच्या नवऱ्यानं बाग लावायला घेतली.

धाकटी लाडकी. हे काही गुपित नव्हतं, थोरली ते हवामानासारखं धरून चालायची. बाबांनी आख्खा हंगाम लाडकीसाठी रोपं निवडली, एकेक मूळ चाचपून, सगळी दाढीवाली. थोरली शेजारी उभी राहून जुड्या बांधत होती. "माझ्या नशिबी गुळगुळीतच," ती म्हणाली होती. "तुला कशाला हवीत?" बाबा म्हणाले, "तू तर इथलीच. हे सगळं तुझंच आहे." ते खरं होतं. तरी तिनं त्या जुड्यांच्या गाठी जरा जास्तच आवळल्या.

दाढीवाली रोपं बागेच्या खालच्या अर्ध्या भागाला पुरली. वरच्या अर्ध्यासाठी जावयानं दुसऱ्या रोपवाटिकेतून आणली. बाबांना ते लागलं. "परक्याची रोपं माझ्या लेकीच्या जमिनीत," एवढंच म्हणाले, पण जेवताना म्हणाले, आणि अर्धं ताट तसंच ठेवून उठले.

आता खालची अर्धी बाग पिवळी पडली होती आणि वरची अर्धी...

*

शेतीखात्याच्या तपासनीस बाईंना सर्दी झाली होती. बोलताना दर वाक्याला त्या थांबायच्या, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की पुढचं वाक्य बरं असेल.

त्यांनी खालची झाडं पाहिली, वरची पाहिली, मग थोरलीबरोबर रोपवाटिकेत आल्या. बाबा तेव्हा दुपारची झोप घेत होते. शेडखाली हौद होता, त्यात माती, शेण आणि पाणी कालवून केलेला दाट काला. विकलेली रोपं वाटेत सुकू नयेत म्हणून मुळं त्यात बुडवायची आणि मग गोणपाटात बांधायची. वाफ्यात लावायची बारकी रोपंही आधी त्यातच बुडवायची. बुडवण्याआधी बाबा चाकूनं टोकं छाटायचे, जाड मुळं जरा खरवडायचे. ओरखडा असला की काला धरतो. हात थरथरायला लागल्यापासून नाजूक कलमं थोरली करायची, पण छाटणं, खरवडणं आणि बुडवणं बाबांनी अजून कोणाला दिलं नव्हतं.

"हा धुता कधी?" बाईंनी विचारलं.

"धुवत नाही."

"म्हणजे यंदा धुतला नाही?"

"म्हणजे कधीच नाही. कमी झाला की भर घालायची. विरजणासारखा तळ राखून ठेवायचा असतो. तळाला अजून आजोबांच्या हातचं आहे, असं बाबा सांगतात."

बाईंनी नाक पुसलं.  मग त्यांनी सांगितलं. दाढी म्हणजे आजार. जखमेतून आत शिरतो, आणि मग मूळ भलतंच वाढत सुटतं. झाडाला मिळायचं ते गाठ खाऊन टाकते. एक आजारी मूळ या हौदात बुडालं की पुढचं प्रत्येक रोप त्याच्याच पाण्यातून जातं. "आणि तुम्ही तर आधी जखम करून बुडवता."

"औषध?"

"लागलेल्या झाडाला नाही." सर्दी. थांबणं. "उपटा आणि जाळा. हौद रिकामा करा, ब्लीचिंगनं धुवा. यंदा एकही रोप विकू नका. आणि तुमच्या बहिणीची वरची झाडं अजून चांगली आहेत, ती जपा. खालची माती वर जाऊ द्यायची नाही. चपलेला लागून गेली तरी नाही."

*

"सांगायचं कोणी?"

"तू सांग. तू लाडकी."

"म्हणूनच नाही. ताई, त्यांनी ती हात फिरवून फिरवून निवडलीत माझ्यासाठी."

"मला माहितीय. जुड्या मी बांधल्या."

"मी सांगतो. तसाही मी त्यांच्या मनातून उतरलोय, आणखी किती उतरणार?"

"तुम्ही गप्प बसा हो."

"मी गप्पच असतो. पण सांगायला हवं. एवढंच म्हणतोय."

"काय सांगणार, भाऊजी? तुमच्या वडिलांनी राखलेला हौद आणि तुम्ही राखलेला हौद आणि तुमचा चाकू, असं? हात थरथरतात त्यांचे. सकाळी उठून त्या हौदापाशी जाऊन बसतात. दुसरं काय उरलंय त्यांना?"

"आणि आपल्याला काय उरलंय? नोकरी सोडून आलोय मी इथे. वरची अर्धी बाग, बास. ती गेली की कुलूप लावायचं आणि निघायचं."

"ती जाणार नाही. तिला काही झालेलं नाही."

"मग त्यांना काय सांगायचं?"

"जमीन म्हणू या. खालची जमीन बाधली म्हणू."

"कोणाची?"

"आमचीच म्हण, ताई. जमिनीला कुठे वाईट वाटतंय."

*

थोरलीनं सांगितलं तेव्हा बाबा शर्टाचं बटण लावत होते. बोटांना ते सापडत नव्हतं. ती लावून द्यायला पुढे झाली तर त्यांनी हात बाजूला केला.

"सगळी?"

"खालची सगळी."

"आणि त्याची?"

"वरची बरी आहेत."

"हं. जावयाची जगली आणि माझी मेली." ते हसले, पण हसण्यात काही नव्हतं. "दाढी होती त्यांना. दाढीवालं मरत नाही."

"जमीनच तशी आहे हो बाबा खालची. आधी कोणाला माहीत नव्हतं. बाईंनी तपासलं."

"बाईंनी," बाबा म्हणाले. बटण लागलं. चुकीच्या काजात लागलं होतं, पण तिनं ते तसंच राहू दिलं.

खालची झाडं जाळली त्या दिवशी त्यांना नेलं नाही. धूर रोपवाटिकेपर्यंत येण्याइतकी बाग जवळ नव्हती, तरी ते संध्याकाळी म्हणाले, वास येतोय. हौदावर थोरलीनं पत्रा टाकला. यंदा रोपं पाठवायची नाहीत, मागणी नाही, असं तिनं सांगितलं. एका खोट्याला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. हे काम ती कलमांसारखंच नीट करत होती, सांधा दिसू न देता. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. ते दवाखान्यात असताना हौद उपसायचा, धुवायचा आणि नवा काला जुन्याच रेघेपर्यंत भरून ठेवायचा, असा तिचा बेत होता. चिखलाचं वय कोणाला ओळखू येतं?

बाबा पत्र्यावर बसून राहायचे. काही दिवसांनी त्यांनी नुसतं विचारलं, "जमीन बाधली म्हणजे वर सरकत असेल ना हळूहळू?"

"काय सरकत असेल?"

"जे काही आहे ते. खालून वर. तिच्या उरलेल्या झाडांकडे."

थोरली घाईत होती. हातात फोन होता, पलीकडे एक गिऱ्हाईक रोपं का नाहीत म्हणून भांडत होतं. तिनं मान हलवली. सरकत असेल, अशा अर्थानं, किंवा नंतर बोलू, अशा अर्थानं. बाबांना त्यातला एकच अर्थ...

*

ब्लीचिंग पावडरची पिशवी घेऊन ती दुपारी बाजारातून परत आली तेव्हा पत्रा बाजूला पडला होता.

हौदाचा तळ दिसत होता. तिनं तो जन्मात पाहिला नव्हता. तळाला आजोबा नव्हते. तिथे मुळांची तुटकी टोकं होती, थरावर थर, काळी पडलेली, आणि त्यांच्यात गाठी होत्या, लहान मोठ्या, कुजून मऊ झालेल्या. खराट्यानं तळ खरवडून घेतला होता. कोपरेसुद्धा. शेडमधले निळे ड्रम नव्हते. खुंटीवरचा चाकू नव्हता.

कामावरची बाई म्हणाली, तुम्ही गेल्या गेल्या टेम्पोवाला आला होता, नेहमीचाच, त्यानंच हौद उपसून दिला. बाबा त्याच्याशेजारी बसून गेले. खुशीत होते.

थोरलीनं फोन लावला. बराच वाजला.

"हॅलो, ताई. अगं बाबा आलेत."

"कुठे आहेत?"

"बागेत. सकाळीच आले. मला म्हणाले तू आत जा, चहा टाक. टेम्पो खालच्या बाजूनं आणला, म्हणाले वर चाकं नकोत." धाकटीच्या आवाजात हसू होतं. "झाडांना खत घालतायत. यांनी लावलेल्या झाडांना बाबा आता स्वतः खतपाणी करतायत, बघ. यांना फोनवर म्हटलं, आता तरी राग गेला समजा."

"कसलं खत?"

"मी कुठे बघितलं? ड्रम आणलेत भरून."

फोनमध्ये भांडं ठेवल्याचा आवाज आला. 

"ताई," धाकटी म्हणाली. "कसले ड्रम आहेत ते?"

*

स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये पावडरची पिशवी ठेवून ती गेली. वाटेत तिला काही सुचलं नाही. एवढंच सुचलं की बाबा हळू काम करतात. हात थरथरतात. वाकलं की कंबर धरते. एखादी ओळ झाली असेल, फार तर दुसरी.

पण त्यांनी मन लावून काम केलं होतं. आणि जावई सकाळभर पंपाच्या दुरुस्तीला बाहेर, धाकटी आत. प्रत्येक खोडाभोवती आळं केलेलं होतं, गोल, कडा थापून बसवलेल्या. माती बाजूला सारून वरची मुळं उघडी केलेली, त्यांच्यावर चाकूचे ओरखडे, आणि वर काला, बरोब्बर खोडाच्या मानेपर्यंत. एकही थेंब वाया गेला नव्हता. थोरलीनं आयुष्यात इतकी सुबक आळी पाहिली नव्हती. बाबांनी थरथरत्या हातांनी ही कशी केली असतील, हा प्रश्न तिला आधी पडला आणि मग बाकीचे.

फक्त घरालगतची ओळ राहिली होती. तिच्यापुढे धाकटी उभी होती, दोन्ही हात पसरून, लहान मुलं वाट अडवतात तशी. जावई नुकताच आलेला, हातात पाना तसाच.

"सर की बाजूला," बाबा तिला म्हणत होते. कोपरापर्यंत काळे हात, एका हातात डबा, दुसऱ्यात चाकू. "ही एवढीच उरलीय."

"राहू द्या, बाबा. दमलात."

"दमलो कसला. ड्रममध्ये एका ओळीपुरतं राखलंय मी बरोबर. आख्खा हौद आणलाय, तळापासून. मला वाटलं होतं माझ्यामागे थोरली सांभाळेल. पण म्हटलं, लेकीची झाडं जात असताना हौद ठेवून काय करायचाय? जमीन कितीही बाधू दे, हा काला लागल्यावर..."

"बाबा," थोरली म्हणाली.

ते वळले. तिच्या हातातली पिशवी त्यांना दिसली नसावी. तेवढं त्यांना दिसत नव्हतंच.

"तू पण आलीस? बरं झालं. धर हा डबा."

तिनं डबा धरला नाही. तिनं सांगितलं. छोट्या वाक्यांत सांगितलं, बाईंनी सांगितलं होतं तसं, फक्त न थांबता. दाढी म्हणजे काय. हौदात काय आहे. ओरखड्यातून आत काय जातं. जमिनीला काही झालेलं नव्हतं. जमीन चांगली होती.

धाकटीनं पसरलेले हात खाली घेतले.

बाबा ऐकत होते तेव्हा त्यांचं तोंड थोडं उघडं होतं. मध्येच त्यांनी डबा खाली ठेवला, अलगद, उपडा होणार नाही असा. मग विचारलं, "म्हणजे हिला मी निवडून निवडून दिली ती..."

"हो."

"आणि हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं.

"जमीन म्हणालात मला."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, बाबा," धाकटी म्हणाली.

"डोळे अधू झालेत माझे," बाबा म्हणाले. "कानांना काय झालं होतं? ऐकलं असतं की मी."

वरच्या ओळींमधून काल्याचा वास येत होता, ओल्या शेणाचा, शेवाळाचा, दोघी बहिणींच्या सगळ्या लहानपणाचा. जावयानं पाना खिशात घातला आणि झाडं बघत ओळीच्या टोकापर्यंत गेला. परत येताना तो मध्येच थांबून बुटांचे तळवे बघायला लागला. मग त्यानं बूट काढून आळ्यांच्या बाजूलाच ठेवले, घरातून पाण्याची बादली आणली, आणि थोरलीच्या हातातली पिशवी फाडून बादलीत उलटी केली.

"आधी तुमचे हात," तो बाबांना म्हणाला.

बाबांनी हात पुढे केले. थोरलीनं ते धुतले. नखांत, बोटांच्या बेचक्यांत, कोपराच्या सुरकुत्यांत काला बसला होता, आणि तो निघायला वेळ लागला. पाण्यानं कातडी चुरचुरत असणार. त्यांनी हात मागे घेतले नाहीत. हात पाण्यात धरले होते तोवर थरथर दिसत नव्हती, बाहेर काढल्यावर दिसली. चाकू त्यांनी स्वतःच बादलीत टाकला.

"आता ही सगळी?" त्यांनी ओळींकडे हात केला. "उपटायची?"

"हो," धाकटी म्हणाली. ती कुदळ घेऊन आलीच होती. "ओलं आहे तोवर. या टोकापासून, म्हणजे चांगल्या ओळीच्या जवळची आधी निघतील."

"मी काय धरू?"

"काही नाही, बाबा. तुम्ही घरात बसा."

घर समोरच होतं. पण घराकडची वाट त्या एका उरलेल्या ओळीमधूनच जात होती, आणि बाबांची पँट गुडघ्यापर्यंत काल्यानं भिजलेली, चपला त्यात बुडून पायांच्याच झालेल्या.

"खालून फिरून नेऊ या," थोरली म्हणाली.

"रस्त्यानं? एवढं चालवणार नाही त्यांना." जावई बाबांसमोर पाठ करून वाकला. अनवाणी, गुडघ्यांवर हात ठेवून. "या. चढा."

"काहीतरीच काय," बाबा म्हणाले.

"चढा हो. वजन तरी कुठे उरलंय तुमच्यात."

थोरलीनं त्यांच्या चपला काढल्या, पाय बादलीतल्या पाण्यानं पुसले, पँटचे पाय वर दुमडले. तरी थेंब गळतच होते, म्हणून तिनं स्वतःची ओढणी काढून त्यांच्या पोटऱ्यांभोवती गुंडाळली. मग तिनं आणि धाकटीनं दोन बाजूंनी उचलून त्यांना वर चढवलं. त्यांनी जावयाच्या गळ्याभोवती हात टाकले, आधी सैल, मग घट्ट.

धाकटीनं वळून पहिली कुदळ घातली. झाड सहज निघालं. माती बाबांनी इतकी छान भुसभुशीत केली होती.

जावई हळूहळू चालत होता, चांगल्या झाडांच्या मधून, फांद्यांना धक्का लागू न देता. अर्ध्या वाटेत त्याचा पाय घसरला. तो थांबला, जड श्वास घेतला, पाठीवरचं ओझं सावरायला थोडा खाली वाकला.

"इथे टेकवू नका मला," बाबा त्याच्या कानाशी म्हणाले. "थोडं पुढे चला. इथे नको."